उभं टेबल

ते टेबल उभं राहून माझी वाट बघायचं. तपासायचं टेबल म्हटलं की आडवं, कमरेइतकं उंच, शेजारी चढायला लोखंडी पायरी आणि वर धुऊन विटलेली चादर, असंच मिरजेतल्या दवाखान्यांत लहानपणापासून पाहिलेलं. हे मात्र खोलीच्या मधोमध ताठ उभं होतं, माझ्यापेक्षा वीतभर उंच. मरून रंगाचं रेक्झिन आणि मधे मधे फटी. म्हणजे डोक्याची गादी वेगळी, छातीची वेगळी, कमरेची वेगळी, पायांची वेगळी. तळाशी पावलं ठेवण्यापुरती फळी. पहिल्या दिवशी मी दारातच थांबले. यावर चढायचं कसं? डॉक्टरबाई म्हणाल्या, चढायचं नाही, नुसतं टेकायचं.

मी फळीवर उभी राहिले. छाती गादीला लावली, तोंड डोक्याच्या गादीतल्या उभ्या फटीत ठेवलं. बाईंनी पायानं पॅडल दाबलं. खाली मोटर घुरघुरली आणि ते टेबल मला पोटाशी धरून सावकाश पुढे कललं, निजलेल्या बाळाला खांद्यावरून पाळण्यात ठेवताना आई वाकते तसं. काही सेकंदांत मी आडवी होते, आणि तेवढ्या वेळात मानेला एकदाही जोर लावावा लागला नव्हता. चार दिवसांत पहिल्यांदाच. मला रडू आलं. चेहरा फटीतून खाली असल्यामुळे डोळ्यांतलं पाणी गालावर न येता थेट फरशीवर पडलं.

चार दिवसांपूर्वी मी न्यू जर्सीत, एडिसनला, ओक ट्री रोडवरून भाजी घेऊन घरी निघाले होते. ऑक्टोबरचा महिना. सिग्नल लाल होता म्हणून थांबले. डावीकडच्या एका दुकानाबाहेर आकाशकंदील टांगलेले दिसले, ते बघायला मान वळवली, आणि तेवढ्यात मागच्या गाडीनं ठोकलं. धडक मोठी नव्हती. माझ्या गाडीच्या बंपरला चीर गेली एवढंच. सीटवरच्या पिशवीतली मेथी जागची हललीसुद्धा नव्हती. मागच्या गाडीतला मुलगा विशीचा असेल, थरथरत होता. मीच त्याला पाणी दिलं. पोलीस आले, कागद झाले, मी घरी येऊन कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले आणि डोकं उशीवरून उचलेना. दुखत होतं ते होतंच, पण डोकं उचलणारं आत कुणी उरलंच नव्हतं. उशीवरून डोकं उचलायला गळ्याच्या पुढचे बारीक स्नायू लागतात, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं. शेवटी मी मानेमागचे केस मुठीत धरले आणि विहिरीतून घागर ओढावी तसं स्वतःचं डोकं हातानं वर ओढून उठून बसले. माणसाचं डोकं साडेचार ते पाच किलोचं असतं. तांदळाची पिशवी आपण दोन हातांनी उचलतो. हे ओझं सात लहान मणके दिवसभर बिनतक्रार वाहतात, तेही चारी दिशांना फिरवत.

मागून धडक बसते तेव्हा काय होतं, ते मी नंतर समजून घेतलं. सीट पाठीला एकदम पुढे ढकलते. डोकं मात्र जडपणामुळे होतं तिथंच राहतं. म्हणजे डोकं मागे फेकलं जाण्याआधी त्याच्याखालून धड निघून जातं. त्या क्षणी, सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत, मान इंग्रजी एस अक्षरासारखी होते: खालचे मणके मागे वाकतात, वरचे पुढे. मानेला असा दुहेरी बाक एवढ्या झटक्यानं एरवी पडत नाही. मणक्यांच्या पाठीमागे जोडीजोडीनं जे छोटे सांधे असतात ते चिमटले जातात, त्यांच्या पिशव्या ताणल्या जातात. स्नायूंना सावध व्हायलाही सवड मिळत नाही. आणि मान वळलेली असेल, तर एका बाजूच्या सांध्यांवर ताण आणखी जास्त. हॅरॉल्ड क्रो नावाच्या अमेरिकन अस्थिरोगतज्ज्ञानं 1928 साली या दुखापतीला चाबकाच्या वादीवरून ‘व्हिपलॅश’ हे नाव दिलं. पुढे हे नाव एवढं चिकटलं की लोक त्यालाच रोगाचं नाव समजू लागले. खरं तर ते फक्त झटक्याचं वर्णन आहे.

इस्पितळात एक्स-रे निघाला. हाड शाबूत होतं. हातापायांत मुंग्या नव्हत्या, ताकद गेली नव्हती. मऊ पट्टा दिला आणि सांगितलं की गरज वाटली तरच, तोही फार दिवस नाही. मला याचं नवल वाटलं. आमच्याकडे मान दुखली की पट्टा महिनोन्‌महिने गळ्यात. पण 1995 साली कॅनडातल्या क्वेबेकमधल्या तज्ज्ञगटानं या दुखापतीवरचा सगळा अभ्यास चाळून जे सांगितलं त्याचा सारांश हाच होता, की हाड मोडलं नसेल तर मान बांधून ठेवू नका, लवकरात लवकर हलती करा, रोजची कामं करत राहा.

आईला फोनवर सांगितलं तर ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, “अगं, मान आहे ती. कुणालाही हात लावू देऊ नकोस.”

“आई, हाड मोडलेलं नाही.”

“मग उसण भरली असेल. तिथं कुणी पायाळू नाही का गं?”

उसण भरली की जन्मताना पायांकडून बाहेर आलेल्या माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा, हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. गल्लीतल्या एक पायाळू काकू सणासुदीलासुद्धा या कामासाठी चूल सोडून यायच्या. त्यांच्या पायानं काय होत होतं ते मला माहीत नाही, पण लोक आडवे होऊन पाठ त्यांच्या स्वाधीन करत, हे मी पाहिलेलं आहे. तोवर अंग आखडून बसलेला माणूस त्या क्षणी सैल सुटायचा. एडिसनमध्ये मला पायाळू मिळाला नसता. टेबल मिळालं.

न्यू जर्सीत अपघात कुणाच्याही चुकीनं होवो, उपचारांचा खर्च आधी आपल्याच गाडीच्या विम्यातून होतो. त्यामुळे पैशाचा प्रश्न नव्हता. माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासून कायरोप्रॅक्टरकडे जायला हरकत नाही म्हटलं, आणि मी लाँड्री आणि पिझ्झाचं दुकान यांच्या मधल्या त्या अरुंद दवाखान्यात पोचले.

आता टेबलाबद्दल नीट सांगते, कारण पुढचे तीन महिने मी आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा, त्याच्या अंगावर होते आणि घरातल्या माणसाचं जितकं निरीक्षण करत नाही तितकं त्याचं केलं. अशा टेबलाला हे लोक ‘हायलो’ म्हणतात. याचं रेक्झिन छातीच्या गादीवर झिजून फिकं झालेलं, डाव्या कडेला एका चिरेवर त्याच रंगाची चिकटपट्टी, तिची टोकं बोटांनी चाळवून चाळवून वर आलेली. तिथं हात गेला की मीही तेच करायची. डोक्याकडे पातळ पांढऱ्या कागदाची गुंडाळी. प्रत्येक पेशंटला नवा कागद ओढायचा, नाकाच्या जागी टर्रकन फाडायचा. मी उठले की त्या कागदावर माझा चेहरा राहिलेला असायचा: कपाळाचं तेल, डोळ्यांखाली काजळाच्या दोन रेघा. पहिल्या दिवशी टिकलीही त्याच्याबरोबर कचऱ्याच्या डब्यात गेली. दुसऱ्या वेळेपासून मी घरी आरशाला लावते तशी टिकली काढून टेबलाच्या बाजूच्या स्टीलच्या दांड्याला लावायला लागले. आडवं होण्याआधी दांड्याला टिकली, उठल्यावर पुन्हा कपाळाला. डॉक्टरबाईंनी कधी विचारलं नाही. एकदा मात्र मी विसरून निघाले, तेव्हा त्या दारापर्यंत बोटाच्या टोकावर टिकली घेऊन आल्या.

टेबलाला आवाज होते. मोटरची घुरघुर सांगितलीच. दुसरा आवाज होता ‘ठक्’. गादीचा एखादा भाग एका खिट्टीनं अर्धा इंच वर उचलून ठेवतात. मग डॉक्टर पाठीवर हातानं नेमका दाब देते, तो भाग अर्धा इंच खाली पडून थांबतो, आणि त्या थांबण्याच्या झटक्यात सांधा हलतो. हाताला फार जोर करावा लागत नाही. पडण्याचं काम टेबल करतं. जे. क्ले थॉम्पसन यांनी 1950च्या दशकात ही युक्ती रूढ केली. शेजारच्या खोलीतून पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कुणी फळ्या ठोकतंय असं वाटलं. स्वतःच्या पाठीखाली ऐकला तेव्हा कळलं की आवाज टेबलाचा आहे, हाडांचा नाही. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तेवढाच तो धक्का.

या टेबलावरच्या उपचारांचं मूळ घर मिसिसिपी नदीकाठचं डॅव्हनपोर्ट गाव, आयोवा राज्यात. तिथं डी. डी. पामर नावाचा कॅनडात जन्मलेला, आधी किराणा दुकान चालवलेला आणि मग चुंबकीय उपचार करणारा माणूस राहायचा. 18 सप्टेंबर 1895 या दिवशी त्यानं इमारतीत साफसफाई करणाऱ्या हार्वी लिलार्ड या जवळजवळ बहिऱ्या माणसाच्या पाठीचा एक मणका हातानं ‘जागेवर बसवला’ आणि त्याला ऐकू यायला लागलं, असं पामर सांगे. ‘हातानं केलेलं काम’ अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून कायरोप्रॅक्टिक हे नाव पडलं. दोन वर्षांत त्यानं शाळा काढली. 1906 साली परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल तुरुंगात गेला. त्याच्या मुलानं, बी. जे. पामरनं, हा धंदा देशभर पसरवला. डॉक्टरांच्या संघटनेनं या लोकांना अनेक वर्षं वाळीत टाकलं होतं. 1987 साली न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं.

बहुतेक सगळे आजार मणका सरकल्यानं होतात, हे पामरचं म्हणणं मला पटत नाही, आणि आजही कुणी दमा किंवा कानाचं दुखणं मानेतून बरं करतो म्हणाला तर मी तिथून उठून येईन. ऐकण्याची नस मेंदूतून कानात जाते, पाठीत उतरत नाही. पण एका चुकीच्या मोठ्या गोष्टीच्या पोटी एक छोटी खरी गोष्ट जन्माला आली, असं मला त्या टेबलावर पडल्या पडल्या वाटायचं. आखडलेला सांधा जाणत्या हातानं हलवला तर तो मोकळा होतो, आणि सोबत व्यायाम केला तर मानदुखीला त्याचा उपयोग होतो, एवढी ती गोष्ट. आमच्याकडे ती तालमीतल्या वस्तादांना माहीत होती. आखाड्यातल्या तांबड्या मातीत पैलवानाला पालथा घालून, तेलाचा हात फिरवत, गप्पा मारत मारत ते खांदा बसवायचे. गावच्या हाडवैद्याकडे घोंगडी होती. पामरच्या वारसांनी मोटर आणि गाद्या असलेलं टेबल केलं.

हे टेबल मला भलं वाटलं त्याला आणखी एक कारण आहे. त्याच्यावर काम करणाऱ्या बाईंनी पहिले दोन आठवडे माझ्या मानेला झटका दिलाच नाही. सुरुवातीला त्यांनी प्रश्न विचारले, आणि ते प्रश्न मला आजही पाठ आहेत. चक्कर येते का? वस्तू दोन दिसतात का? बोलताना जीभ जड होते का? गिळताना अडतं का? चेहरा कुठे बधिर वाटतो का? अचानक, कधी नव्हे असं डोकं दुखलं का? मानेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना भोकं असतात आणि त्यांतून दोन रक्तवाहिन्या मेंदूकडे जातात. अपघातात या वाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर पडलेली असू शकते, आणि क्वचित मानेच्या झटक्यानंतरही तशी चीर आढळलेली आहे. त्यातून पक्षाघात होऊ शकतो. हे दुर्मीळ आहे, पण मान ज्याची त्याला दुर्मीळ म्हणून सोडून देता येत नाही. बाईंनी हे सगळं बसवून सांगितलं, कागदावर लिहून दिलं, आणि नको असेल तर झटक्याशिवायही काम होईल म्हणाल्या.

ते ऐकताना मला आमच्या मिरजेतली सलूनं आठवली. दाढी झाली, डोक्याला मालिश झालं, की गिऱ्हाईकाची हनुवटी एका हातात आणि डोकं दुसऱ्या हातात धरून कडक्‌ कडक्‌ करून मान मोडायची. आमचे आप्पा दर रविवारी मोडून घ्यायचे आणि डोळे मिटून हसायचे. कुणी काही विचारत नसे. आता मी भावाला फोनवर बजावून सांगते, दाढी कर, मान मोडून घेऊ नकोस. तो ऐकतो की नाही कुणास ठाऊक.

ते दोन आठवडे टेबलानं काय केलं? मला आडवं केलं. डोकं धरून ठेवलं. बाई मानेच्या कडेनं बोटं लावून एकेक स्नायू दाबत, थांबत, सोडत. बाकी काही नाही. पण त्या वीस मिनिटांत माझं डोकं माझं नसायचं. ते पाच किलो मी त्या दुभंगलेल्या गादीत ठेवून दिलेले असायचे. दिवसभर खांदे कानांपर्यंत चढलेले असत, ते तिथंच कधीतरी खाली यायचे.

कधी कधी माझ्या आधीचा पेशंट नुकताच गेलेला असायचा आणि कागद नवा असला तरी छातीची गादी कोमट लागायची. एक ट्रकचालक होता, दारातून वाकून आत यायचा. एक पोटुशी मुलगी असायची, तिच्यासाठी कमरेची गादी सैल करून पोटाला जागा करत. एक म्हातारे चिनी गृहस्थ दर वेळी टोपी काढून ती खुंटीला न अडकवता हातात घेऊनच आडवे व्हायचे. आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही. पण प्रत्येकाची उंची, प्रत्येकाचं वजन त्या गाद्यांनी आपापल्या खळग्यांत थोडं थोडं धरून ठेवलं होतं, आणि मी त्या सगळ्यांच्या खळग्यांत पडत होते.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी विचारलं, आज करू का? मी हो म्हटलं. उताणी झोपले. त्यांनी डोकं दोन्ही तळव्यांत घेतलं, अगदी थोडं डावीकडे वळवलं, थांबल्या. मग लहानसा, झटपट दाब. कानाच्या मागे बोटं मोडल्यासारखा आवाज आला. हाड हाडावर घासल्याचा तो आवाज नसतो. सांध्यातल्या चिकट द्रवावरचा दाब एकदम कमी होतो आणि तिथं वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात 2015 साली बोटाचा सांधा एमआरआयमध्ये ओढून ही पोकळी तयार होताना चित्रात पकडली. मला त्या वेळी एवढंच जाणवलं की मानेत एका जागी ऊब पसरली. टेबलानं मला पुन्हा उभं केलं. मी डावीकडे बघितलं. खिडकी दिसली, खिडकीतून पार्किंग दिसलं, पार्किंगमध्ये माझी गाडी. अपघाताच्या दिवसानंतर खांदा न वळवता डावीकडचं काही मी बघितलंच नव्हतं.

ती मोकळीक संध्याकाळपर्यंत टिकली आणि रात्री पुन्हा मान आखडली. मी निराश झाले. पुढच्या खेपेला बाईंना म्हटलं, रोज करा. त्या नाही म्हणाल्या. आवाजानं दार किलकिलं होतं, म्हणाल्या, चालायचं तुम्हालाच आहे. मग व्यायाम आले. उताणं झोपून हनुवटी गळ्याकडे किंचित ओढायची, जणू कुणाला सूक्ष्म होकार द्यायचा आहे, आणि दहा आकडे तशीच धरायची. दिसायला काहीच नाही. पहिल्या दिवशी माझे तीन आकडेही झाले नाहीत, गळ्याचे स्नायू पानांसारखे थरथरले. घरी पहाटे, दुपारी, निजताना मी हेच करत राहिले. महिन्याभरानं सकाळी उठताना हात सवयीनं मानेमागच्या केसांकडे गेला आणि लक्षात आलं की डोकं आधीच उचललेलं आहे.

मग टेबलावरचा वेळ कमी होत गेला. वीस मिनिटांची दहा झाली, आठवड्यातल्या दोन खेपांची एक झाली. काही दवाखान्यांत विम्याचे पैसे संपेपर्यंत पेशंटला बोलावत राहतात, असं ओळखीतल्या दोघींनी मला सांगितलं होतं. या बाई मात्र मला टेबलापासून दूर करत होत्या, आणि मलाच ते सोडवत नव्हतं. दुखणं कमी झाल्यावरही मला ते कलणं हवं असायचं, ती घुरघुर, तो डोळ्यांसमोरचा फरशीचा तुकडा. त्या फरशीवर करड्या रंगात एक पांढरा डाग होता, साधारण श्रीलंकेच्या आकाराचा. तीन महिन्यांत मी त्याच्याकडे जितकं पाहिलं तितकं आभाळाकडेही पाहिलं नसेल.

जानेवारीतल्या शेवटच्या खेपेला बाहेर बर्फ साचलं होतं. बाईंनी आधी मान फिरवून पाहिली, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. नेहमीप्रमाणे मी टिकली काढून दांड्याला लावली आणि फळीवर पाय ठेवायला गेले, तर त्यांनी खांद्याला हात लावून थांबवलं. आज झोपायची गरज नाही, म्हणाल्या. खुर्चीत बसवून व्यायाम तपासले, दोन नवे दाखवले, कागदांवर सह्या घेतल्या. मधल्या वेळात टेबल आमच्यामागे नवा कागद लावून उभं होतं. पुढच्या खोलीतून ट्रकचालकाच्या बुटांचा आवाज आला, तशी मी कोट घातला.

गाडीत बसल्यावर आधी डोक्यामागची उशी दोन खाचा वर ओढली. अपघाताच्या दिवशी ती पार खाली, मानेशी होती. तिचा वरचा काठ डोक्याच्या टाळूपर्यंत यायला हवा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना पुढच्या सीटला ही उशी 1 जानेवारी 1969पासून सक्तीची आहे, आणि मी वीस वर्षं ती नुसती शोभेला म्हणून घेऊन फिरत होते. मग आरसा नीट करायला हात वर नेला, तेव्हा त्यात कपाळ दिसलं. मोकळं. टिकली दांड्यालाच राहिली होती. वळून दवाखान्याच्या खिडकीकडे पाहिलं. आत ट्रकचालक फळीवर उभा राहत होता, आणि टेबल त्याला घेऊन कलायला लागलं होतं.